मोहनाच्या नोंदी

आमच्या घरात छापलेल्या अक्षराला देवाइतका मान होता, कदाचित थोडा जास्तच, कारण देवाची पूजा अण्णा पाच मिनिटांत उरकत आणि प्रुफांना तास न् तास देत. अण्णा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर तिथे डोळे फोडून झाले की संध्याकाळी आणखी गठ्ठा घरी येई: लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कोर्टाच्या नोटिसा. मानखुर्दच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल म्हणून जे होतं त्यावर जेवण कमी आणि कागद जास्त असत. अण्णांसमोर प्रूफ, माझ्यासमोर मूळ हस्तलिखित. मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी लाल पेन हातात धरून छापील ओळींवरून डोळे फिरवायचे. नुसते शब्द नाहीत, विरामचिन्हंसुद्धा वाचायची. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी स्वल्पविराम," असं मी खणखणीत आवाजात वाचत असे आणि स्वयंपाकघरातून आई विचारी, "आमटीला चिंच टाकू का, आमसूल संपलंय पूर्णविराम?" आईची थट्टा अण्णांना आवडत नसे. घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासे असत, त्या दिवशी मात्र प्रुफांना हात लावायच्या आधी हात दोनदा साबणाने धुवायचे असा नियम होता. मी एकुलती एक, वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखं. हे सगळं मी आज सांगते आहे ते कौतुकासाठी नव्हे. मोत्यासारख्या अक्षराने माणूस काय काय करू शकतो ते पुढे येईलच.

नववीत आम्हाला टिपणीस सर होते, भूगोलाला. त्या वर्षी ते पुण्याला शिक्षकांच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि परतले ते अंगात आल्यासारखे. "पुस्तक मिटा, परिसर उघडा," हे त्यांचं नवं वाक्य होतं. तोवर आमच्या शाळेत भूगोल म्हणजे नकाशात रंग भरणं आणि 'भौगोलिक कारणे द्या'. सरांनी जाहीर केलं की यंदा नववीचा प्रत्येक विद्यार्थी प्रकल्प करणार, दोघादोघांच्या जोडीने, महिनाभर स्वतः निरीक्षण करून. मार्चमध्ये त्याचं प्रदर्शन भरेल, बाहेरचे परीक्षक येतील आणि वर्षअखेरीच्या शालेय वार्तापत्रात निवडक प्रकल्पांची माहिती नावानिशी छापून येईल. हे वार्तापत्र म्हणजे चार पानांचा अंक; निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकाबरोबर घरोघरी जाई. त्याची प्रुफं कोण तपासत असेल ते सांगायला नको. फुकट तपासत, आणि त्या फुकटेपणाचा अण्णांना भारी अभिमान होता.

पुढे मीही माध्यमिक शिक्षिका झाले, तीही भूगोलाचीच. निवृत्त होईपर्यंत दर दोन वर्षांनी कुणीतरी तरुण प्रशिक्षक आम्हाला समोर बसवून प्रकल्पाधारित अध्ययन म्हणजे काय ते सांगत असे. गटकार्याने मुलांत सहकार्याची भावना वाढते, असं ते फळ्यावर लिहीत. मी वहीत उतरवून घेत असे. माझं अक्षर अजूनही चांगलं आहे.

सरांनी माझी जोडी मोहनाशी लावली. मोहना ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून बसने यायची. उंच, हाडापेराने मजबूत, गणितात माझ्याहून तल्लख, पण लिहायला लागली की कागदावर मुंग्या सांडल्यासारख्या दिसायच्या. आम्हा दोघींना विषय मिळाला भरती-ओहोटी. "ही पाण्यावरची, तू कागदावरची," सर मला म्हणाले. "झकास जोडी." आम्हालाही ते पटलं. तिने ट्रॉम्ब्याच्या धक्क्यावर रोज वेळा टिपायच्या, मी तक्ता काढायचा, आलेख काढायचा आणि सुबक अक्षरात फेअर करायचं. आईने तिचं जुनं मनगटी घड्याळ महिनाभरासाठी मोहनाला वापरायला दिलं. देताना, ते पाण्यात पडलं तर काय होईल हे पाच वेळा सांगितलं.

एका रविवारी मी तिच्या घरी गेले. दारात दोरीवर बोंबील वाळत होते. ओटीवर तिची आई हिराबाई बसली होती. हिराबाई घाटकोपरच्या बाजारात मासे विकायची, आणि तिचा आवाज बाजारातून घरी येतानाही तसाच मोठा राहायचा. तिने मला तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. मी लाजून थोडंसं घेतलं, तर ओरडली, "कला लाजतेस? सासरी आयलीस काय?" मग स्वतःच हसली. जेवणानंतर मोहना मला धक्क्यावर घेऊन गेली. खांबावर तिने कोळशाने रेघा मारल्या होत्या. पाणी वर वर चढत होतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत बसली होती, घड्याळाकडे बघतच नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "घाई नको गो. पानी आधी उभं रातं. चढत नाय, उतरत नाय. तवा बगायचं घड्याल." आणि खरंच, काही वेळाने पाणी उभं राहिलं. रेघेच्या खाली नाही, वर नाही. तिने वेळ टिपली. घड्याळाशिवायसुद्धा तिला ती जवळपास कळत होती: तिथीची पाऊणपट. चौथीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. तिच्या आजाने शिकवलेलं. मला ते ऐकून गंमत वाटली, आणि थोडा रागही आला. वर्गात पहिली मी होते आणि हे मला माहीत नव्हतं.

निघताना हिराबाईने मला थांबवलं. आदल्या आठवड्यात टिपणीस सर त्यांच्या घरी येऊन गेले होते, कारण मोहनाची नववीनंतर शाळा बंद व्हायची होती. थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, आता टोपली मोहनाच्या डोक्यावर यायची पाळी होती. सरांनी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हणाले, तुमच्या मुलीचं नाव वर्षअखेरीच्या अंकात छापून येईल, मग तरी पाठवाल ना दहावीला? हिराबाईने मला तो सौदा पुन्हा ऐकवला, जणू मी साक्षीदार. "नाव छापून आयलं त धावी. नाय आयलं त बाजार. सरांना बी सांगितलं, तुना बी सांगते. मना वाचता येत नाय, पन छापलेलं खोटं नसतं, येवढं मना ठावं हाय." अण्णांना हे ऐकून फार बरं वाटलं असतं. मोहना माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आली. "तुझं अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. "होईल ना गो?" मी म्हटलं, होणारच.

महिना झाला. मोहनाने वही माझ्या हातात दिली. वहीची पानं पाण्याने फुगली होती, काही ठिकाणी शाई पसरली होती, पण एकही दिवस सुटला नव्हता. शाळा सुटल्यावर कधी भरती, कधी ओहोटी, जी हाती लागेल ती. ताप असतानाही ती गेली होती. त्या दिवशी नोंदीपुढे 'अंग गरम' असं लिहिलं होतं. मी टेबलावर मोठा कागद पसरला, रेघा आखल्या, आणि लिहायच्या आधी सहज म्हणून जुनी वर्तमानपत्रं काढली. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात हे मला ठाऊक होतं. ताडून बघितलं तर एकही वेळ जुळेना. सप्तमीला पेपरात चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं, मोहनाच्या वहीत पाच वीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच फरक. रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर, कधी जास्तही. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पेपर बघितला, वही नुसती चिमटीत धरली. "आईचं घड्याळ पुढे जात असेल. नाहीतर ती पोर उशिरा जात असेल धक्क्यावर," ते म्हणाले. "छापलेलं आहे ना? मग तेच बरोबर." त्यांना दुसरी शक्यता सुचलीच नाही आणि मलाही नाही. मी तीसच्या तीस वेळा पेपरातल्या घातल्या. हिरव्या शाईने भरती, लाल शाईने ओहोटी. आलेख इतका देखणा झाला की आईने शेजारच्या बाईंना बोलावून दाखवला. मोहनाला मी काही सांगितलं नाही. चूक सुधारली असं मला वाटलं होतं, आणि कुणाची चूक सुधारताना त्याला विचारण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी आमचा तक्ता दाराशीच लावला होता. परीक्षक म्हणून ट्रॉम्ब्यात काम करणारे एक शास्त्रज्ञ आले होते, बुटके, हसरे, हातात काठी नसलेल्या आजोबांसारखे. तक्त्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, पहिला नंबर. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळांनो, या वेळा ट्रॉम्ब्याच्या धक्क्यावरच्या ना?"

"हो," मी म्हटलं.

"पेपरात छापतात त्या गेटवेजवळच्या अपोलो बंदरच्या वेळा. तिथून पाणी खाडीत आत शिरायचं, इथवर यायचं, त्याला वेळ लागत नाही का? वीस-पंचवीस मिनिटं तरी फरक पडायला हवा. तुमच्याकडे एका मिनिटाचाही नाही." ते टिपणीस सरांकडे वळले. "हे उतरवून काढलंय हो."

एका क्षणात मला सगळं समजलं. मोहनाचं बरोबर होतं, तिचं एकेक मिनिट बरोबर होतं, आणि ते खोडलं मी. बाजूला मोहना तक्त्याकडे बघत होती. ती तो पहिल्यांदाच बघत होती. तिचे ओठ हलत होते, आकडे वाचत होती. सरांनी विचारलं, "कोणी केलं हे?" आणि मी जे वाक्य बोलले ते शब्दाशब्दाने खरं होतं. मी म्हटलं, "सर, नोंदी मोहनाने घेतल्या. मी फक्त फेअर केलं."

सरांचा चेहरा काळा पडला. या मुलीसाठी त्यांनी घरी जाऊन शब्द टाकला होता, आणि आता पाहुण्यांसमोर त्यांची शोभा झाली होती. पुस्तक मिटून उघडलेला परिसर हा असा निघाला. "कोळ्याची पोर तू," ते मोठ्याने म्हणाले, "आणि पाणी बघायचा कंटाळा आला तुला?" सगळा वर्ग हसला. आसपासचे पालक हसले. मोहना म्हणाली, "सर, मी रोज जात हुते. माझ्या वहीत वेगलं हाय. वही हिच्याकडं हाय." सरांनी माझ्याकडे बघितलं. वही घरी माझ्या खणात होती. मी म्हटलं, "वही मी हिला परत दिली, सर. केव्हाच." मोहनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. धक्क्यावर ती पाण्याकडे बघायची तशी ती माझ्याकडे बघत होती, आता हे चढणार की उतरणार. मग तिने मान खाली घातली. परीक्षकांनी जाताना मला मांडणीचं उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, कंपासपेटी.

लोक विचारतात, लहानपणी घाबरून खोटं बोललात, त्यात एवढं काय? चौदा-पंधरा वर्षांची मुलगी लहान नसते. शिकवायला लागल्यापासून हजारो चौदा वर्षांच्या मुली मी पाहिल्या. त्यांना सगळं कळतं. मलाही कळत होतं की मी नुसता माझा नंबर वाचवत नाही, तिचं वर्ष घेते आहे. दहावीचं वर्ष, आणि त्यापुढची सगळीच.

एप्रिलमध्ये वार्तापत्राची प्रुफं घरी आली. नेहमीसारखी मी वाचायला बसले. प्रकल्पांच्या परिच्छेदात सरांच्या हाताने लिहिलेलं होतं, 'कु. मोहना व कु. वासंती यांनी भरती-ओहोटीचा प्रकल्प सादर केला.' 'कु. मोहना' या शब्दांखाली सरांनी पेन्सिलने रेघ ओढली होती आणि समासात प्रश्नचिन्ह घातलं होतं. बाजूला बारीक अक्षरात: 'आपण योग्य ते करावे.' सरांना माझ्या सांगण्याची शंका होती हे आज मला स्पष्ट दिसतं. मला बोलावून एक प्रश्न विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही, म्हणून त्यांनी तो अण्णांच्या लाल पेनावर सोपवला. समासातलं तेही मी वाचून दाखवलं. ती फुगलेली वही अण्णांनी माझ्या खणात पाहिली असणार, कारण त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती वही कुणाला दाखवलीस का?"

"नाही."

"बरं केलंस." आणि त्यांनी छापील 'कु. मोहना व' यावर आडवी रेघ मारली, समासात काढून टाकण्याची खूण केली, 'यांनी'चं 'हिने' केलं. "पुढे वाच," म्हणाले. मी पुढे वाचलं. स्नेहसंमेलन, वक्तृत्व स्पर्धा, निवृत्त शिपायांचा सत्कार. आवाज कुठेही अडखळला नाही. आई वाटाणे सोलत होती. सोलायची थांबली, मग पुन्हा सोलू लागली. वही दुसऱ्या दिवशी खणात नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्यासाठी त्यांनी केलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि ही त्यातलीच एक, असं ते शेवटपर्यंत मानत असणार.

निकालाच्या दिवशी मोहना शाळेच्या फाटकाशीच माझी वाट बघत होती. प्रदर्शनानंतर आम्ही बोललो नव्हतो. तिने मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. वार्तापत्र तिच्या हातात होतं, वाचून झालेलं. मला वाटलं आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वही तुझ्याकडंच हुती, मना ठावं हाय," ती म्हणाली. "जाव दे. वही नको मना. येक काम कर. आय येनार हाय आता. ती तुनाच वाचायला सांगेल, तुझ्यावर तिचा इस्वास हाय. तिला अक्षर कलत नाय. तू नुसतं बोट ठेव. कुटं बी ठेव आनि बोल, यो बग मोहना. बस. मी कुनाला काय सांगनार नाय. कवाच नाय."

"बरं," मी म्हटलं.

"बोल, आयची शप्पत."

"आईची शपथ."

हिराबाई आली. बाजार सोडून आली होती. नवं हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, गळ्यात असेल नसेल ते सगळं सोनं. शाळेच्या पटांगणात सगळे वळून बघत होते. मला बघताच तिचा चेहरा फुलला. "वासंतीबाय, तूच पायजे हुतीस," ती म्हणाली आणि मोहनाच्या हातातलं वार्तापत्र घेऊन माझ्यापुढे धरलं, उलटं. "कुटं हाय माझ्या पोरीचं नाव? बोटानं दाखव. मना त्या जागंवर हात फिरवायचा हाय."

मी कागद सुलटा केला. परिच्छेद तिसऱ्या पानावर होता. ऐकू जाईल इतक्या जवळ कोणी नव्हतं. अण्णा छापखान्यात होते, सर कार्यालयात. मला कुणाची भीती नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण भीती असती तर आज थोडं तरी सोपं गेलं असतं. माझं बोट त्या ओळीपर्यंत गेलं. त्या ओळीत एकच नाव होतं आणि ते माझं होतं. पहिल्यांदाच छापून आलेलं माझं नाव. बोट ठेवून 'ही मोहना' म्हणायचं म्हणजे ते तिला द्यायचं. हिराबाई त्यावरून हात फिरवणार, घरी नेऊन भिंतीला लावणार, वाड्यातल्या बायांना दाखवणार, आणि माझ्या नावाखाली लोक मोहना बघणार. मला ते द्यायचं नव्हतं. एवढंच. इतकं लहान कारण होतं. मोहना माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या बोटाकडे बघत होती.

"नाहीये," मी म्हटलं. "मोहनाचं नाव नाही यात."

"नीट बग गो बाय."

"पाहिलं नीट. चारही पानं पाहिली. नाही."

हिराबाईने कागद माझ्या हातातून काढून घेतला. मोठ्या आवाजाची ती बाई, पण ओरडली नाही. कार्यालयाच्या दाराकडे एकदा बघून म्हणाली, "शिकलेली मानसं. तोंडावर गोड बोलतान नि मागं काय नाय." मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला अबोलीचा नव्हे, बर्फाचा गारवा होता, सकाळी बाजारात बसून आली असणार. "तू तरी खरं बोललीस गो पोरी. बरं झालं. आमची ही येडी आस लावून बसली हुती." तिने मोहनाचं मनगट धरलं. "चल."

मोहना गेली. तिच्या दुसऱ्या हातात प्रगतिपुस्तक होतं, गणितात वर्गात पहिली आल्याचं. ते वाचून दाखव म्हणून हिराबाईने मला सांगितलं नाही, आणि मीही आपण होऊन वाचलं नाही.